ती ‘नो’ म्हणाली तेव्हा

मी नेरूळला घरीच इंग्रजी बोलायला शिकवते. हॉलमध्ये एक टेबल, चार खुर्च्या आणि भिंतीवर पांढरा बोर्ड, एवढाच माझा क्लास. येतात त्या बहुतेक बायका. मुलांच्या शाळेत पालकसभेला गेल्यावर तोंड उघडता यावं, एवढीच त्यांची अपेक्षा. त्यांची भीती मला समजावून घ्यावी लागत नाही, कारण ती माझीच आहे. मी साताऱ्याजवळच्या गावात मराठी शाळेत शिकले. कॉलेजात इंग्रजीच्या तासाला सरांनी आपल्याला उठवू नये म्हणून पुढच्या मुलीच्या पाठीमागे लपून बसायचे. पुढे त्याच विषयात पदवी घेतली, शाळेत शिकवलं, पण फोनवर पलीकडून कुणी फाडफाड इंग्रजी सुरू केलं की अजून माझ्या तळहाताला घाम येतो.

माझे मिस्टर न्हावा शेव्याला एका कस्टम एजंटच्या ऑफिसात आहेत. बंदरात उतरलेला माल सोडवून देणं हे त्यांचं काम. एकदा संध्याकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, “अगं, एका चिनी बाईला शिकवशील का?”

“चिनी?”

“तिचा नवरा बंदरात क्रेनचा इंजिनिअर आहे. नवीन मशीन बसवायला आलाय, वर्षभरासाठी. बायको आणि चार वर्षांची मुलगी पण आल्यात. बाई घराबाहेरच पडत नाही म्हणे. भाजीवाल्याला पण घाबरते.”

“मला चिनी कुठे येतं?”

“तिला मराठी तरी कुठे येतं? टेन्शन नको घेऊ. इंग्लिशच शिकवायचंय ना.”

पहिल्या दिवशी ती मुलीला घेऊन आली. वय तिशीच्या जरा पुढे. खुर्चीच्या कडेला टेकली, पर्स मांडीवर घट्ट धरून. मी सहज नाव विचारलं तर ती ताडकन उठून उभी राहिली, वर्गात बाई प्रश्न विचारतात तेव्हा राहावं तशी. मग आपण काय केलं हे लक्षात येऊन कानापर्यंत लाल झाली.

तिला किती येतं ते बघावं म्हणून मी व्याकरणाचा एक कागद पुढे ठेवला. तिने तो भराभर सोडवला आणि एकही चूक नव्हती. जिथे मलासुद्धा पुस्तक उघडून बघावं लागतं, तिथेही नाही. मी आनंदाने विचारलं, “रिक्षाने आलात का?” आणि तिच्या चेहऱ्यावरचे सगळे भाव पुसले गेले. माझं इंग्रजी तिला कळलंच नव्हतं. ती टेपवरचं अमेरिकन इंग्रजी ऐकून शिकलेली. आपले जाड ट आणि ड, आपली घाई, हे तिच्या कानाला नवीन होतं.

हळूहळू तिने तुटक तुटक सांगितलं. त्यांच्या वर्गात पन्नास-साठ मुलं. धडा सगळ्यांनी एका सुरात म्हणायचा, नंतर लिहायचं, मग परीक्षा. एकटीने बोलायची पाळी क्वचित यायची, आणि आली की सगळा वर्ग तुमची चूक ऐकायला शांत व्हायचा. “ऑल पीपल लुक मी,” ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून दाखवलं. ते मला कळलं.

आठवड्यातून तीन दुपारी ती यायची. मुलगी खाली बसून रंगवत असायची. काही अडचणी आमच्या दोघींच्या सारख्याच निघाल्या. इंग्रजीतले ‘अ’ आणि ‘द’ तिच्या भाषेत नाहीत, आपल्याही नाहीत. काही मात्र तिच्या एकटीच्या. शब्दाचं शेवटचं व्यंजन तिच्या तोंडातून गळून पडायचं. बॅग, बॅक आणि बॅड तिन्ही एकच. तिच्या भाषेत क्रियापदाला भूतकाळ लावायची सोय नाही, त्यामुळे ‘काल मी जाते’, ‘उद्या मी जाते’. आणि सगळ्यात अवघड म्हणजे तो आणि ती. त्यांच्याकडे लिहिताना दोन वेगळी अक्षरं आहेत, पण बोलताना दोघांना एकच शब्द, ‘था’. त्यामुळे इंग्रजीतले ‘ही’ आणि ‘शी’ तिला कागदावर कधी चुकायचे नाहीत. बोलताना मात्र नवरा ‘शी’ व्हायचा आणि मुलगी ‘ही’. मी दर वेळी थांबवायचे, ती दर वेळी कपाळाला हात लावायची, आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा तेच.

हो आणि नाहीची तऱ्हा निराळी. एकदा तिने चहा तसाच ठेवला. मी विचारलं, “यू डोन्ट लाइक टी?” ती म्हणाली, “येस.” मला वाटलं, आवडतो, लाजून पीत नसेल. मी वर आणखी ओतला. बिचारीने डोळे मिटून सगळा प्यायला. तिच्या ‘येस’चा अर्थ होता, तुम्ही म्हणता ते बरोबर, नाही आवडत. उलट तिचा ‘नो’ म्हणजे, तुम्ही म्हणता ते चूक. मी बोर्डवर चित्रं काढून समजावलं, पण मला स्वतःलाच गोंधळायला होत होतं, कारण आपणही ‘हो, नाही आवडत’ असंच म्हणतो की. त्यात आपल्या बोलण्यात शेपटासारखं ‘ना’ येतं. ‘यू आर कमिंग, ना?’ ते तिला ‘नो’ ऐकू यायचं. ती घाबरून माझ्याकडे बघायची, की ही मला येऊ नको म्हणतेय का.

घाबरणं तिला जणू सवयीचं झालं होतं. तिच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये एक बाई तिला बघून आपल्या मुलाला जवळ ओढून घ्यायची. दुकानदार मान डोलवायचा ती हो म्हणून की नाही म्हणून, हे तिला कळायचं नाही. मग ती काही न घेताच परत यायची.

त्या दुपारी तिचा तास नव्हता. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते आणि फोन वाजला.

“टीचर! ही फॉल! ही आय नॉट ओपन. टीचर, कम! कम!”

मागे काहीतरी आपटल्याचा आवाज झाला आणि फोन कट झाला.

तो पडला. तो डोळे उघडत नाही. माझ्या डोळ्यांसमोर बंदरातल्या त्या क्रेन उभ्या राहिल्या. उलव्याच्या रस्त्याने जाताना लांबूनसुद्धा मान वर करून बघाव्या लागतात अशा. त्यावरून माणूस पडला तर काय उरणार? मी तिला परत फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. मग मिस्टरांना लावला.

“अहो, तो चिनी इंजिनिअर पडला म्हणे!”

“काय? कोण म्हणालं?”

“त्याच्या बायकोचा फोन होता. उचलत नाहीये आता.”

“मला काहीच कळलं नाही इथं. थांब, गेटवर जाऊन बघतो. तू जा तिच्याकडे.”

मी होते तशी निघाले. तिची बिल्डिंग पाम बीचच्या बाजूला, रिक्षाने जवळच. पण तेवढ्या वाटेत माझी जी अवस्था झाली ती मी विसरणार नाही. ‘तुझा नवरा गेला’ हे मी तिला इंग्रजीत कसं सांगणार, याची वाक्यं मी मनात जुळवत होते. एक वाक्य धड होईना. आणि ते मलाच सांगावं लागणार होतं. या सगळ्या शहरात तिला समजेल असं बोलणारी मी एकटीच होते.

गेटपाशी रिक्षा थांबली तर ती समोरच उभी. पायात चप्पल नाही, केस सुटलेले, आणि दोन्ही हातांवर मुलगी. वॉचमन तिच्याभोवती फिरत होता. मला म्हणाला, “मॅडम, ये कुछ समझा ही नहीं पा रही है. दरवाजा भी लॉक हो गया इनका, चाबी-फोन सब अंदर.”

मुलीचे डोळे अर्धे मिटलेले, बुबुळं वर गेलेली. ओठाच्या कोपऱ्यात फेस. हात लावला तर अंग तव्यासारखं.

“ही फॉल,” ती मुलीकडे बघत म्हणाली. “ही शेक, शेक, शेक.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तो नव्हे, ती. नवऱ्याला काही झालेलं नव्हतं. एक क्षणभर मला हायसं वाटलं आणि लगेच त्याची लाज वाटली, कारण मुलीची मान आईच्या हातावरून ओल्या कपड्यासारखी लोंबत होती.

रिक्षावाला इकडच्याच गावातला होता. त्याने काही विचारलं नाही. “बस बाय, बस. पोरीला नीट धर. मी हाय ना, आत्ता पोचवतो.” आणि त्याने रिक्षा अशी काढली की मी बाजूचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसले. ती शेजारी मुलीच्या कानात सारखं काहीतरी पुटपुटत होती, एकच शब्द, पुन्हा पुन्हा.

हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत मुलीला लगेच आत घेतलं. डॉक्टर तरुण होते, तोंडावर मास्क आणि बोलणं झपाझप. मुलीला तपासता तपासताच त्यांनी आईला इंग्रजीत प्रश्न विचारायला सुरुवात केली. ताप कधीपासून? ती म्हणाली, “बिफोर टू डे.” म्हणजे दोन दिवसांपासून, पण डॉक्टरांना ते कळायला दोनदा विचारावं लागलं. मग त्यांनी विचारलं, “एनी फिट्स बिफोर?” म्हणजे याआधी कधी झटके आले होते का.

तिचा चेहरा जरासा उजळला. हा शब्द तिला माहीत होता. “येस! फिट. वेरी फिट.”

डॉक्टरांचा पेन कागदावर चालू लागला. मी पुढे झाले. “डॉक्टर, तिला म्हणायचंय मुलगी तंदुरुस्त होती. झटके नव्हते कधी.”

“तुम्ही कोण?”

“मी तिची शिक्षिका.”

“मॅडम, प्लीज. हिस्टरी आईलाच सांगू द्या. मध्ये बोललात की गोंधळ होतो.” पण त्यांनी लिहिलेलं खोडलं.

मी मागे सरकले. खरं सांगायचं तर मी त्या आवाजाला भ्याले. डॉक्टर, मास्क, मशीनचा टिकटिक आवाज, त्यात आपण मध्ये तोंड घातलेलं. नर्सने मुलीच्या हातात सुई लावली होती. मुलगी जराशी कण्हली, आणि आई त्या आवाजाबरोबर पुढे झुकली.

डॉक्टरांनी शेवटचा प्रश्न विचारला, मान न वर करता. “नो मेडिसिन ॲलर्जी, ना?”

“नो,” ती म्हणाली.

डॉक्टर नर्सकडे वळले आणि एका इंजेक्शनचं नाव सांगितलं. तेवढ्यात ती अगदी हळू, घशातल्या घशात म्हणाली, “हॅव.”

ते बहुधा मी एकटीनेच ऐकलं. नो. हॅव. बोर्डवर काढलेली चित्रं, तो नको असलेला चहा, सगळं एकदम समोर आलं. तिचा ‘नो’ म्हणजे तुम्ही म्हणता ते चूक. पण खात्री कशी धरू? ‘हॅव’ हा शब्द ती कशालाही लावायची. आय हॅव हंग्री. ही हॅव स्लीप. कदाचित ती काही वेगळंच सांगत असेल. आणि मला आत्ताच गप्प बसवलं होतं. मी पुन्हा बोलले आणि चुकीची ठरले, आणि माझ्यामुळे औषधाला उशीर झाला तर? न बोलले आणि बरोबर असले तर? नर्सने बाटलीचं झाकण उडवलं तो टक्क आवाज मला अजून ऐकू येतो.

मी जाऊन नर्सचं मनगट धरलं.

“सिस्टर, थांबा.”

“अहो, काय करताय मॅडम?” डॉक्टर आता मराठीत ओरडले.

“तिला ॲलर्जी आहे. तिने सांगितलं तुम्हाला.”

“ती नो म्हणाली. माझ्यासमोर म्हणाली.”

“तिचा नो तसा नसतो डॉक्टर. तुम्ही ॲलर्जी नाही ना म्हणालात, ती म्हणाली, नाही, आहे. एकदा नीट विचारा. एकदाच.”

डॉक्टरांनी माझ्याकडे, मग तिच्याकडे बघितलं. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि नर्सच्या हातातल्या बाटलीकडे बोट केलं. “चायना. मेडिसिन. गर्ल, व्हॉट हॅपन्ड? शो मी.”

तिने बाटली बघितली आणि तिला सगळं उमगलं. तिने मुलीच्या दंडावर, छातीवर बोटं फिरवली. “रेड. रेड. ऑल रेड.” मग स्वतःचा गळा दोन्ही हातांनी धरला, “हिअर बिग,” आणि श्वास अडकल्यासारखा एक आवाज काढला. तो आवाज ऐकून शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. “विच मेडिसिन? नाव?”

“छिंग-मेई-सू.”

“काय?”

“छिंग-मेई-सू! छिंग-मेई-सू!” ती मोठ्याने म्हणू लागली, जणू आम्ही बहिरे आहोत. आपणही परक्या माणसाशी असंच बोलतो. त्या औषधाचं नाव तिला पक्कं माहीत होतं, आणि तिथे ते कुणाला माहीत नव्हतं. शब्दांचा अर्थ दाखवणारा तिचा फोन कुलूपबंद घरात पडला होता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती तेच नाव म्हणत होती.

माझा फोन वाजला. मिस्टर.

“अगं, तो तर ठणठणीत आहे! क्रेनवर होता, फोन न्यायला बंदी असते वर. आत्ता खाली बोलावून घेतलाय. काय झालं विचारतोय, पार घाबरलाय.”

“अहो, त्याच्याकडे द्या फोन. लगेच द्या.”

मी माझा फोन तिच्या हातात ठेवला. आणि मग ती बोलली. इतके दिवस मी जिला ओळखत होते ती एक अर्धमुकी, अडखळणारी बाई होती. ही दुसरीच कुणी होती. न थांबता, न चुकता, हुकूम दिल्यासारखी ती बोलत होती. तिच्या भाषेत ती अशी असते, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. मग तिने फोन डॉक्टरांना दिला. पलीकडून नवऱ्याने सांगितलेला शब्द डॉक्टरांनी मोठ्याने म्हटला, “पेनिसिलिन.”

त्यांनी कागदावरचं काहीतरी खोडलं आणि नर्सला दुसरं औषध सांगितलं. जरा वेळाने माझ्याजवळ येऊन म्हणाले, “आम्ही आधी थोडंसं टोचून बघतोच मॅडम. एकदम देत नाही. पण सांगितलंत ते बरं झालं.”

ते खरंच असणार. माझा त्यांच्यावर राग नाही. पण मी बाहेर लोखंडी बाकावर जाऊन बसले ती कितीतरी वेळ उठलेच नाही.

झटका तापामुळे आलेला होता, बाकी काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि मुलीने खायला मागितलं. नवरा त्याच दिवशी मिस्टरांबरोबर बंदरातून थेट आला होता, जाड बुटांत, हातात हेल्मेट. माझ्या मिस्टरांचा हात धरून तो कितीतरी वेळ नुसता हलवत राहिला.

त्यानंतर ती तासाला आली नाही. एक आठवडा, दोन आठवडे. मीही फोन केला नाही. मला वाटत होतं, मी तिला काय शिकवलं? जे तिला खरोखर लागलं त्यातलं काहीच नाही. घरात बसल्या बसल्या दचकायला व्हायचं. दुसऱ्या बायकांचे तास घेताना कुणी ‘येस’ म्हणालं की मी उगाच दोनदा विचारायचे, नक्की ना, नक्की ना. त्या हसायच्या.

शेवटी मीच तिच्याकडे गेले. तिने साखळी न काढता दार उघडलं. मला बघून आत घेतलं. मुलगी धावत येऊन मला चित्रं दाखवून गेली. मग ती जमिनीकडे बघत म्हणाली, “टीचर, माय इंग्लिश डेंजर. आय से वन वर्ड. वन वर्ड, शी कॅन डाय.”

‘शी’ म्हणाली ती. मुलीला ‘शी’. ते माझ्या ध्यानात आलं, पण शाबासकी द्यायची ती वेळ नव्हती.

मी तिला सांगितलं की मीसुद्धा त्या दिवशी घाबरले होते, अजून घाबरते. तिला ते खरं वाटलं नाही. टीचर कशाला घाबरेल? मी माझा तळहात पुढे केला. तिने त्याला हात लावला. ओलाच होता. ती पहिल्यांदाच जरा हसली.

त्या दिवसापासून मी पुस्तक बंद केलं. जिथे जिथे भीती वाटते त्या जागा आम्ही घरात मांडल्या. मी डॉक्टर व्हायचे, औषधाचा दुकानदार व्हायचे, वॉचमन व्हायचे, आणि मुद्दाम भरभर बोलायचे. नियम एकच ठेवला. नुसतं येस नाही, नुसतं नो नाही. पूर्ण वाक्य. माझ्या मुलीला या औषधाची ॲलर्जी आहे. कळलं नाही तर मान हलवायची नाही. म्हणायचं, पुन्हा सांगा, हळू सांगा. ही दोन वाक्यं तिला सगळ्यात जड गेली. मोठ्या माणसाला ‘हळू बोला’ सांगणं तिला उर्मटपणा वाटायचा. रंगीत तालमीतसुद्धा तिचा आवाज बारीक व्हायचा आणि मला, तिच्या खोट्या डॉक्टरला, ती तीनदा सॉरी म्हणायची.

मुलीला पुन्हा दाखवायला न्यायचं होतं तेव्हा नवऱ्याला सुट्टी नव्हती. मी बरोबर गेले. ओपीडीच्या दारापाशी नंबर आल्यावर ती थबकली. मी उठले तर तिने मला खांद्याला धरून परत बाकावर बसवलं. “टीचर, यू सिट.” चेहरा पांढरा पडलेला. मुलीचा हात धरून ती आत गेली आणि दार अर्धवट लागलं.

मी बाहेर कान देऊन बसले. तेच डॉक्टर, तोच झपाझप आवाज. मग शांतता. ती शांतता मला सहन होईना. मी उठले, दारापर्यंत गेले, पुन्हा मागे आले. शेजारचा माणूस म्हणाला, “काकी, बसा की, तुमचा नंबर येईल.” आतून तिचा आवाज आला, बारीक, पण स्पष्ट. “प्लीज अगेन. स्लो.” डॉक्टर पुन्हा बोलले, तसेच भरभर. ती पुन्हा म्हणाली, आता जरा मोठ्याने. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा डॉक्टरांनी एक सुस्कारा टाकला, तो मला बाहेर ऐकू आला, आणि मग ते एकेक शब्द सुटा करून बोलू लागले.

ती बाहेर आली तेव्हा तिचे हात बर्फासारखे होते. कपाळावर घाम. आम्ही दोघी भिंतीला टेकून जरा वेळ उभ्या राहिलो. मुलगी माझी ओढणी ओढत होती. खाली गेटपाशी केळीवाला बसतो, तो तिला येतानाच दिसला होता. आम्ही जिन्याने खाली उतरलो.